सायलेन्सर मोकळा केला, मशीन किंचाळायला लागलं. पुढे काय करू?

करवतवाला (गोरेगाव)

नमस्कार मंडळी. आमचं झाडं छाटण्याचं छोटं काम आहे, बाबांपासून चालत आलेलं. गोरेगाव ते बोरिवली पट्ट्यातल्या सोसायट्या हेच आमचं गिऱ्हाईक. पावसाळ्याआधीचे दोन महिने आमची सुगी असते. बाबांच्या काळी सगळं कोयता, दोर आणि दोघांनी ओढायच्या करवतीवर व्हायचं. माझ्याकडे दोन चेनसॉ आहेत. वर चढून फांद्या कापायला ३० सीसीचा हलका, आणि बुंध्यासाठी खोक्यावर ‘५८ सीसी’ लिहिलेलं बिनब्रँडचं मोठं मशीन, २२ इंची पट्टीचं (पट्टी म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती).

अडचण या मोठ्या मशीनची आहे. रेन ट्रीच्या जाड खोडात पट्टी पूर्ण बुडाली की दम सोडतं. गेल्या आठवड्यात वाळवी लागून पडलेला एक बुंधा कापायला चार तास गेले. वैतागून सायलेन्सर उघडला. बाहेर जायला फक्त ११ मिलिमीटरचं एक भोक होतं. बाजूला १४ मिलिमीटरचं दुसरं पाडलं, कानशीने कडा साफ केल्या, ठिणग्यांची जाळी परत बसवली.

आवाज बदलला, फुल रेसला मशीन अक्षरशः किंचाळतं. वायरवर गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर आहे माझ्याकडे. आधी मिनिटाला ११,८०० फेरे दाखवायचा, आता १३,६०० दाखवतो. म्हणजे काम झालं असं मी समजतोय. आता पुढची पायरी विचारायची आहे: सिलिंडरखालचं पॅकिंग काढून कॉम्प्रेशन वाढवू का? पोर्टिंग, म्हणजे सिलिंडरमधल्या वायूच्या वाटा (पोर्ट) घासून बदलणं, कोणी केलंय का? मे संपायच्या आत मशीन तयार हवंय.

परळ_टूस्ट्रोक

करवतवाला, पहिलं काम: मशीन बंद करा आणि हे वाचून होईपर्यंत दोरी ओढू नका.

मी गिरणगावात वाढलो आणि तीस वर्षं टू-स्ट्रोक गाड्यांचीच कामं केली. यामाहाची आरएक्स १०० आमच्या गल्लीत रोज उघडली जायची. ९८ सीसी, ११ बीएचपी, आणि तिच्या मालकाला नेहमी बारावा घोडा हवा असायचा. त्यामुळे तुमची घाई मला कळते. पण १३,६०० हा आकडा इंजिनाची ताकद नाही सांगत. इंजिन उपाशी आहे, हे सांगतोय.

सायलेन्सर मोकळा झाला की जळलेला वायू लवकर बाहेर पडतो, सिलिंडर जास्त साफ होतो आणि पुढच्या फेरीला हवा जास्त येते. पेट्रोल मात्र कार्ब्युरेटर जवळपास जुन्याच मापाने देतो. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच, म्हणजे मिक्स्चर लीन झालं. लीन मिक्स्चरवर बिनभाराचं इंजिन हलकं होऊन उंच पळतं आणि कानाला छान तिखट वाटतं. फोर-स्ट्रोक गाडी अशा वेळी नुसती तापते. आपल्या टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. आग वाढली आणि त्याच वेळी वंगण घटलं. पिस्टन फुगतो, एक्झॉस्टच्या बाजूने सिलिंडरला घासतो आणि चिकटतो.

कार्ब्युरेटरवर तीन स्क्रू असतील. एल म्हणजे स्लोचा, एच म्हणजे फुल रेसचा, तिसरा आयडलिंगचा. एच उलट्या दिशेने, घड्याळाच्या विरुद्ध, एक अष्टमांश फेरा सोडा, मग ऐका. फुल रेसला, हवेत, मशीनने भरभर फुटका आवाज दिला पाहिजे, जणू मधूनमधून एक ठोका चुकतोय. आम्ही त्याला ‘फोर-स्ट्रोक मारतंय’ म्हणतो. पट्टी लाकडात घातली की तोच आवाज साफ व्हायला हवा आणि लाकडातून उचलली की परत फुटका. हे झालं तर मिक्स्चर जागेवर आहे. हवेतसुद्धा साफ किंचाळत असेल तर लीन आहे, लाकडातही भरभरत असेल तर जास्त रिच, म्हणजे पेट्रोल जास्त.

एक खबरदारी. काही मशीनच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलमध्येच आरपीएमची मर्यादा घातलेली असते. ती लागली की इंजिन तसंच अडखळतं आणि माणूस फसतो, त्याला वाटतं मिक्स्चर रिच आहे. तुमचं १३,६०० पर्यंत गेलं, म्हणजे तुमच्या कॉइलला निदान त्या आकड्यापर्यंत तरी मर्यादा नाही. त्यामुळे आकडा न बघता कान वापरा, आणि बिनभाराचा वेग मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या खालीच ठेवा.

आणि दोरी ओढण्याआधी सायलेन्सर काढून पोर्टमधून पिस्टन बघा. फोटो टाका.

प्रयोगवही

परळच्या काकांच्या म्हणण्यात एक गोष्ट जोडते. मी रसायनशास्त्र शिकवते. चेनसॉ नाही चालवत, पण भावाच्या रानात एक आहे आणि तो बिघडला की पेट्रोलचा प्रश्न माझ्याकडेच येतो.

पंपावरचं पेट्रोल बदललंय. २०२३ पासून ई-२० टप्प्याटप्प्याने आलं आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच मिळायला लागलं. यात २० टक्के इथेनॉल असतं. १ किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. ई-२० साठी हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवर जो स्क्रू बरोबर लावला होता, तो हात न लावताही ई-२० वर लीन झाला. गाडीत सेन्सर आहे, तो सांभाळून घेतो. चेनसॉचा साधा कार्ब्युरेटर नाही घेत. हाताने जुळवायच्या कार्ब्युरेटरच्या मशीनसाठी मोठ्या कंपन्यांची माहितीपुस्तकं १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल म्हणतात.

म्हणजे करवतवाला, तुमचं मशीन दोनदा लीन झालंय. एकदा पंपावर, एकदा तुमच्या ड्रिलने.

दुसरा धोका मुंबईत जास्त. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धा भरलेला कॅन जूनमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये महिनाभर राहिला, झाकण नीट नसलं, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि तळाला बसतो. ऑइल वर पेट्रोलमध्येच राहतं. टाकीतला फिल्टर तळाला लोंबकळतो. इंजिन सगळ्यात आधी ओढतं ते तळाचं, बिनऑइलचं पाणी आणि इथेनॉल. भावाचा पिस्टन असाच गेला, ऑइल मोजून घातलेलं असूनही.

आपल्या पेट्रोलमध्ये नक्की किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं. १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या. १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल (ऑइल न घातलेलं), बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा २८ च्या आसपास गेला तर ते ई-२० आहे. हे उघड्यावर करा, जवळ ज्योत नको, आणि ते पेट्रोल परत मशीनमध्ये घालू नका.

कुडाळचा_कटर

प्रयोगवही ताई, हा पाण्याचा प्रयोग आज करून बघितला. २७ वर गेला. आमच्याकडे सगळे म्हणतात पेट्रोलात भेसळ आहे. भेसळ नाही, सरकारी मापच आहे ते.

ऑइलबद्दल विचारायचं होतं. आमचा मेकॅनिक म्हणतो, लीनची भीती असेल तर ऑइल दुप्पट घाल.

परळ_टूस्ट्रोक

कुडाळकर, हा गैरसमज फार जुना आहे. ऑइल वाढवलं की तेवढ्याच जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोलचा वाटा कमी होतो. म्हणजे मिक्स्चर उलट आणखी लीन होतं. ऑइलचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात असेल तेवढंच ठेवा आणि मिक्स्चर स्क्रूने जुळवा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, ४० ला १ म्हणजे २५, २५ ला १ म्हणजे ४०. मोजायला औषधाची सिरिंज घ्या, बाटलीच्या बुचाने मोजू नका. ऑइल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकचं घ्या, डब्यावर जासो एफडी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं. बोटीच्या इंजिनांचं ऑइल वेगळं असतं. ससून डॉकच्या आसपास ते स्वस्तात मिळतं म्हणून लोक आणतात. ते आपल्याला नको.

करवतवाला (गोरेगाव)

सायलेन्सर काढला. हात थरथरले. पिस्टनच्या एक्झॉस्टच्या बाजूला उभ्या बारीक रेषा आहेत, साधारण नखाएवढ्या रुंद पट्ट्यात. नख फिरवलं तर अडकत नाही. रिंग मोकळी आहे, दाबली की हलते. सिलिंडरच्या भिंतीवर एक करडा ओरखडा दिसतो.

मी सायलेन्सर उघडल्यानंतर मशीन फक्त वीस मिनिटं चाललं होतं. बाबा जवळ उभे होते, काही बोलले नाहीत. पण त्यांनी स्वतःची जुनी करवत बाहेर काढून दाताला कानस लावायला घेतली.

मशीन वाचलंय का?

परळ_टूस्ट्रोक

वाचलंय. नख अडकत नाही म्हणजे नुसतं घासलंय, खणलं नाही. करडं दिसतंय ते पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरला चिकटलंय. खूप बारीक पॉलिश पेपरने, बोटाने, फक्त त्या जागी हळूच काढा. ड्रिलला होनिंगचे दगड लावून सिलिंडर घासू नका. इथे आरएक्सचा नियम चालत नाही. तिच्यात बिडाचा लायनर असायचा. पिस्टन जाम झाला की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, गाडी परत रस्त्यावर. चेनसॉच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ थर असतो. तो एकदा गेला की बोअरिंग होत नाही, सिलिंडरच बदलावा लागतो.

लेथमास्तर_भांडुप

एक गोष्ट कोणी विचारली नाही. सायलेन्सर उघडायच्या आधी ११,८०० होतं. मी या साच्याची बरीच मशीनं उघडली आहेत, चांगल्या जुळवणीत हवेत ११,००० च्या आसपास येतात. म्हणजे भोक पाडायच्या आधीपासूनच हे थोडं लीन होतं. ई-२० चा भाग असेल, पण हवा चोरून आत येत नाही ना, ते बघा. स्क्रू कितीही फिरवा, गळती असेल तर मिक्स्चर कधीच जागेवर राहणार नाही. आज जुळेल, मशीन तापलं की परत बिघडेल.

तपासायची पद्धत. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढा. दोन्ही तोंडांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून वरून पत्रा बोल्टने आवळा. प्लग जागेवर ठेवा, पिस्टन वर आणा म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट झाकला जाईल. क्रँककेसला (पिस्टनखालच्या बंद पेटीला) जाणारी बारीक रबरी नळी असते, जी कार्ब्युरेटरच्या पंपाला ठोके देते, तिला ब्लड प्रेशरच्या मशीनचा फुगा आणि घड्याळ जोडा. काट्याचं मशीन चालतं, पाऱ्याचं वापरू नका. ३०० पर्यंत हवा भरा. ते साधारण ०.४ बार होतं, आपल्याला पुरे. काटा अर्धा मिनिट हलला नाही पाहिजे. हलला तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील.

पण क्रँकशाफ्टची सील आतून दाब असताना घट्ट बसतात आणि ओढ असताना सुटतात. म्हणून उलटीकडून ओढूनही बघायचं. मोठी सिरिंज लावून ओढा आणि धरून ठेवा. दट्ट्या आपसूक आत सरकत गेला तर सील गेली.

या मशीनमध्ये हमखास गळणारी जागा म्हणजे कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबरी किंवा प्लास्टिकचा जोड. तिथलं पॅकिंग कागदासारखं पातळ असतं.

अजून एक. पिस्टन बाहेर काढलात तर व्हर्नियर लावा. मी मोजलेल्या ‘५८ सीसी’च्या मशीनमध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४ निघाला. व्यासावरून क्षेत्रफळ काढून धावेने गुणा, साधारण ५४.५ सीसी येतात. खोक्यावरचा आकडा बघून २२ इंची पट्टी लावली तर पट्टी पूर्ण बुडाल्यावर इंजिन मरणारच. १८ इंची लावा. साडेतीन सीसीचा हा फरक कुठल्याही पोर्टिंगने भरून निघत नाही.

कुडाळचा_कटर

मी तर म्हणतो इंजिन राहू दे बाजूला, आधी चेन दाखवा. फोटोत दिसतंय त्यावरून सांगतो, दातांचे कोपरे गोल झालेत. भुसा कसला पडतो? पिठासारखा पडत असेल तर चेन बोथट आहे. धारदार चेन ढलप्या टाकते, चौकोनी.

मी फणस, आंबा आणि ऐन कापतो. ऐन म्हणजे लोखंड. दर टाकीला, पेट्रोल भरायला थांबलो की कानस मारतो. प्रत्येक दाताला दोन-तीन ओढ, एकाच दिशेने, आतून बाहेर. तुमची चेन .३२५ पिचची (कड्यांमधल्या अंतराचं माप, इंचात) असणार, तिला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. तुमच्या ३० सीसीच्या छोट्या मशीनला लो-प्रोफाइल चेन असेल तर ४ मिलिमीटरची. कानस चुकली तर दाताला चोचीसारखा बाक येतो आणि तो लाकडात अडकतो.

आणि सगळे विसरतात ती गोष्ट म्हणजे रेकर. दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो, तो दात किती खोल जाणार ते ठरवतो. दात घासत घासत खाली जातो, रेकर तिथेच राहतो. मग दात कितीही धारदार असला तरी लाकडाला लागतच नाही, आणि माणूस मशीनवर जोर देतो. रेकर दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवा, गेज लावून, सपाट कानशीने. अंदाजाने नको. जास्त उतरवलात तर चेन लाकूड ओरबाडते आणि मशीन अंगावर उडी मारतं.

मुंबईत तर चेन लवकर जाणारच. तुमच्याकडच्या झाडांना जाहिरातींचे खिळे, दिवाळीच्या माळांच्या तारा, कुंपणाच्या जाळ्या, सगळं गिळलेलं असतं. माझा मावसभाऊ माहीमला काम करतो. एका पिंपळाच्या फांदीत त्याला सायकलची चेन सापडली होती, खोडात पूर्ण जिरलेली.

लेथमास्तर_भांडुप

कुडाळकरांना अनुमोदन. कानस आणि रेकरचं गेज नागदेवी स्ट्रीटला मिळतं. जाताना चेनचा तुकडा बरोबर न्या, दुकानदाराला दाखवा.

परळ_टूस्ट्रोक

करवतवाला यांनी पॅकिंग आणि पोर्टिंगचं विचारलं होतं. ते टाळत नाही, सांगतो. हे काम मी मनापासून केलंय आणि ते नीट झालं की मिळणारा आनंद वेगळाच असतो.

आधी स्क्विश मोजायची. पिस्टन सगळ्यात वर असताना त्याची कड आणि सिलिंडरचं डोकं यांत उरलेली फट. प्लगच्या भोकातून झाळायची मऊ तार वाकवून भिंतीला टेकेपर्यंत आत घाला, फ्लायव्हील हाताने एकदा फिरवा आणि तार बाहेर काढून चेपलेलं टोक व्हर्नियरने मोजा. तार पिस्टनच्या पिनच्या रेषेत घाला, दोन्ही बाजूंना मोजा, नाहीतर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं. ०.५ मिलिमीटरच्या खाली जायचं नाही.

आता पॅकिंग काढलं तर काय होतं? सिलिंडर खाली बसतो. कॉम्प्रेशन वाढतं, स्क्विश घटते, हे सगळ्यांना कळतं. पण त्याबरोबर सगळे पोर्टही खाली येतात. पिस्टन खाली जाताना एक्झॉस्ट आधीपेक्षा उशिरा उघडतो, म्हणून खालचा जोर वाढतो आणि वरचा वेग थोडा कमी होतो. पिस्टनच्या तळाच्या कडेने उघडणारा इनटेक (मिक्स्चर आत यायची वाट) मात्र लवकर उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. तीन गोष्टी एकदम बदलतात. आपल्या साध्या पेट्रोलला दाब सोसायची मर्यादा आहे. कॉम्प्रेशन फार चढवलं तर दुपारच्या उन्हात इंजिन ठोकायला लागेल, आणि दोरी ओढताना मनगट दुखेल ते वेगळंच.

पोर्टिंगचं म्हणाल तर लोक सगळ्यात आधी एक्झॉस्टचं छत वर घासतात, कारण तेच हाताला सोपं लागतं. चेनसॉला तिथेच मार बसतो. छत वर गेलं की वायू लवकर सुटतो, वेग वाढतो आणि जोर पळतो. रेसच्या गाडीला तो वेग कामाचा. तुम्हाला रेन ट्रीच्या बुंध्यात जोर हवाय. रुंदी वाढवायची तर रिंगचं तोंड कुठे येतं ते आधी बघा. पिस्टनवर बारीक पिन असते, तिच्याजवळ रिंगची दोन टोकं. ती टोकं पोर्टच्या उघड्या जागेवरून गेली की बाहेर फुगतात, पोर्टच्या कडेला अडकतात आणि तुटतात. एका वळणात सगळं संपतं. शिवाय आतला तो पातळ थर घासताना कडेने सोलला जातो. प्रत्येक पोर्टच्या कडेला बारीक उतार द्यावा लागतो, नाहीतर रिंग कापली जाते.

या स्वस्त मशीनमध्ये मी एकच काम करतो. ओतकामाच्या वेळी राहिलेली बर (धातूची खरखरीत कड) ट्रान्सफरच्या वाटेत, म्हणजे क्रँककेसमधून मिक्स्चर वर जातं तिथे असते, ती काढतो, आणि पॅकिंगची कड वाटेत आली असेल तर कापून पोर्टशी जुळवतो. धातू जवळजवळ जात नाही, वाट मोकळी होते.

फ्लायव्हीलची चावी घासून ठिणगीचं टायमिंग पुढे घ्यायचं पण कोणीतरी सुचवेल. या घाईच्या दिवसांत नको. नट नीट आवळला गेला नाही तर फ्लायव्हील शाफ्टवर सरकतं.

हिरवळ_दादर

मी हिंदू कॉलनीत राहते. तौक्ते वादळाच्या दिवशी, १७ मे २०२१ ला, आमच्या गल्लीत सकाळपासून वारा होता आणि संध्याकाळपर्यंत तीन झाडं आडवी झाली. रात्री अग्निशमन दलाची माणसं चेनसॉ घेऊन आली. त्या आवाजाने आम्हाला हायसं वाटलं होतं. त्यामुळे तुमच्या कामाबद्दल आदर आहे.

पण रोजच्या छाटणीच्या वेळी तोच आवाज घरात शिरतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, हे २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत आहे. शाळा आणि रुग्णालयांभोवती १०० मीटरपर्यंत त्याहून कमी. साधा चेनसॉ चालवणाऱ्याच्या कानाशी १०० च्या वर असतो. सायलेन्सर मोकळा केलेलं मशीन घेऊन तुम्ही शाळेच्या आवारात जाणार का? आणि तुम्ही स्वतः कानाला काय लावता?

परवानगीचंही लिहा. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली मुंबईत फांदी छाटायलाही महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते. सोसायट्या कंत्राटदाराला सांगतात, ‘बघून घ्या’, आणि नोटीस आली की कंत्राटदार एकटा पडतो.

करवतवाला (गोरेगाव)

ताई, परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय मी झाडावर दोर टाकत नाही. बाबांनी हे पहिल्या दिवशी शिकवलं. कानाचं मात्र खरं आहे. मी कापूस घालत होतो. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, आणि ते मशीन फक्त शेवटची आठ वर्षं वापरत होते. कालच दोन इअरमफ आणले, एक माझ्या मदतनिसासाठी.

शाळेत आणि इमारतींच्या मध्ये छोटंच मशीन वापरेन, त्याचा सायलेन्सर उघडणार नाही. मोठं मशीन पडलेल्या बुंध्यांसाठी.

करवतवाला (गोरेगाव)

नऊ दिवसांनी लिहितोय. एकेक गोष्ट बदलून, प्रत्येक वेळी मोजून केलं, कारण सगळं एकदम केलं असतं तर कशाने काय झालं ते कळलं नसतं. सुकलेला आंब्याचा एकच ओंडका, ३२ सेंटीमीटर जाडीचा. प्रत्येक वेळी तीन चकत्या कापून सरासरी घेतली. जुना सायलेन्सर मित्राच्या बंद पडलेल्या तशाच मशीनवरून काढून आणला, म्हणजे आधीची अवस्थाही मोजता आली.

ब्लड प्रेशरच्या फुग्याने गळती सापडली. लेथमास्तरांनी सांगितली तिथेच, कार्ब्युरेटरच्या जोडाला. साबणाचे बुडबुडे बघताना पोटात गोळा आला, कारण मी तसाच वर्षभर चालवत होतो. पॅकिंग जाड कागदाचं नवीन कापलं आणि जोडाची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केली. परत ३०० भरलं, काटा जागचा हलला नाही. सिरिंजने ओढूनही बघितलं, सील चांगली आहेत.

गळती काढली, जुना सायलेन्सर, जुनी बोथट चेन, २२ इंची पट्टी: २६ सेकंद.

तीच चेन, कानस आणि रेकर नीट करून: १७ सेकंद. बाकी काहीच बदललं नव्हतं. कुडाळकर, तुम्हाला नमस्कार. ढलप्या पायावर पडल्या तेव्हा बाबांनी एक उचलून बोटात फिरवून बघितली.

१८ इंची पट्टी आणि एच स्क्रू काकांनी सांगितल्यासारखा कानाने जुळवून: १५.५ सेकंद.

मोकळा सायलेन्सर, एच आणखी जवळपास पाव फेरा सोडून: १२.८ सेकंद. हवेत टॅकोमीटर आता १०,९०० दाखवतो, भरभर आवाज येतो, लाकडात घातलं की साफ होतो. तिखट किंचाळी गेली, पण पट्टी दाबावी लागत नाही.

सायलेन्सरच्या भोकाचा हिशोबही करून बघितला. एक्झॉस्ट पोर्टचं तोंड २६ गुणिले १५ म्हणजे ३९० चौरस मिलिमीटर. माझी दोन भोकं मिळून २४९, म्हणजे ६४ टक्के. अजून मोठं करायचं का?

स्क्विश दोन्ही बाजूंना १.१ आली. पॅकिंग ०.५ चं आहे.

परळ_टूस्ट्रोक

वाचून फार बरं वाटलं. भोक आहे तेवढं पुरे. तीन चतुर्थांशाच्या पुढे गेलात तर मिळतं थोडं आणि आवाज खूप वाढतो. नवीन भोकाचं तोंड टाकी आणि प्लास्टिककडे नाही ना, ते बघा. हाताला गरम झोत लागत असेल तर वाकवलेल्या पत्र्याची पन्हळ वेल्ड करून झोत पुढे वळवा.

१.१ मधून ०.५ गेलं तर ०.६ उरते, म्हणजे पॅकिंग काढता येईल. पण ते दिवाळीनंतर करू. तेव्हा मशीन घेऊन परळला या, पोर्टची मापं कागदावर काढू आणि मग ठरवू. आत्ता प्रत्येक दहा टाक्यांनी प्लग काढून बघा. विटकरी किंवा कॉफीसारखा रंग हवा. पांढरा दिसला तर थांबा.

प्रयोगवही

पावसाळ्यासाठी एवढंच: दोन दिवसांत संपेल तेवढंच पेट्रोल कालवा, कॅन काठोकाठ भरून घट्ट लावा. आठवडाभर काम नसेल तर टाकी रिकामी करा आणि मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत आयडलिंगला चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पडद्यात काही राहत नाही.

करवतवाला (गोरेगाव)

आज पहिला मोठा पाऊस. सकाळी सहाला आरे रोडच्या एका सोसायटीतून फोन आला, गुलमोहर गाडीवर पडला होता, उद्यान खात्याचा माणूस तिथे हजर होता. गुलमोहर ठिसूळ, पण खाली दबलेल्या फांदीत ताण होता, म्हणून आधी वाकाच्या आतल्या, दाबाच्या बाजूने थोडं कापलं आणि मग बाहेरच्या, ताणाच्या बाजूने सोडलं. बुंधा मोठ्या मशीनने कापला. एका टाकीत काम झालं. मध्ये एक खिळा लागला, दोन दातांचे कोपरे गेले, तिथेच बसून कानस मारली.

घरी येऊन प्लग काढला. कॉफीचा रंग आहे. फोटो खाली टाकतोय. टाकी रिकामी केली आणि मशीन बंद पडेपर्यंत चालवलं.